रंभाबाईचं विरजण

बऱ्हाणपूर,
रविवार, २४ जून १९५६

प्रिय कुसू,

आशीर्वाद आहेतच, ते काय दर पत्रात नव्यानं द्यायचे? घरी सगळे ठीक. आईचा गुडघा तुझं पत्र आलं की सकाळी बरा होतो आणि संध्याकाळी पुन्हा दुखायला लागतो. रमेश रोजच्या गाडीनं चांदनीला जातो. स्टेशनातली नोकरी त्याला मानवली आहे, पोट सुटू लागलंय. मालूला चौथा महिना. तुझ्या या वहिनीला डोहाळे लागलेत ते मातीचे. चिंच नको, आवळा नको, भाजलेली माती हवी. राजघाटावरून पिवळी माती आणायची, जुन्या खापरावर भाजायची आणि वाटीत घालून तिच्या हातात द्यायची, हे काम अर्थातच माझ्याकडे. सध्या या घरातला मातीचा सगळा कारभार मीच बघते, मालूचाही आणि तुझाही.

तर तुझी माती भाईदासबरोबर पाठवते आहे. अण्णा फोपनारच्या शाळेवर मास्तर होते तेव्हाचा त्यांचा विद्यार्थी, तुला आठवत असेल. आता लुगड्यांच्या व्यापाऱ्याकडे आहे आणि माल घेऊन नागपूरला निघालाय. तुझ्या कॉलेजात स्वतः आणून देईन म्हणाला.

तू लिहिलंस तसंच सगळं केलं. मागच्या रविवारी फोपनारला रंभाबाईकडे गेले. शेजारच्या गिरधरच्या वावरातली कपाशीची पऱ्हाटी दर साली उभी सुकते आणि रंभाबाईची बांधापलीकडे हिरवी राहते, ते पुन्हा एकदा डोळ्यांनी बघायला आत्ता पीक नव्हतं, पण दोघांनीही तेच सांगितलं. मागल्या साली पऱ्हाटी होती त्याच जागेवरून चार बोटं खाली खणून माती काढली, धुतलेल्या पिशवीत भरली, उन्हात ठेवली नाही. रंभाबाईनं टोपलंभर घ्यायला लावली. तिला कोण आनंद. कुसूनं माझी माती मागवली म्हणून साऱ्या गल्लीला सांगत होती.

तुझं सहा पानी पत्र मी दोनदा वाचलं. ही मर म्हणजे मातीतली बुरशी, ती मुळातून खोडात शिरते आणि झाडाचं पाणी तोडते. आणि रंभाबाईच्या मातीत दुसरी कसली तरी बुरशी असावी, जी मुळांशी राहून पहिलीला आत येऊ देत नाही. मागेच पोत्यांतून पाठवलेल्या गिरधरच्या रोगट मातीत दहाला एक या हिशेबानं रंभाबाईची माती मिसळायची आणि कुंड्यांत पऱ्हाटी लावून बघायची. हे सगळं समजावून शेवटी लिहिलंस, "ताई, तुला सगळं कळलं नाही तरी चालेल, सांगितलं तेवढं नेमकं कर." कळलं बाई. चौथीच्या पोरींना सृष्टिज्ञान शिकवणारीला जेवढं कळायचं तेवढं कळलं.

वर्तमानपत्राचं कात्रणही मंगळवारी मिळालं. 'बऱ्हाणपूरच्या कन्येचे संशोधन'. आईनं ते देव्हाऱ्याशेजारी लावलंय, त्यामुळे रोज उदबत्ती तुलाही मिळते. त्यात तू म्हणतेस की लहानपणी फोपनारला एक शेतकरी बाई नव्या वावरात जुन्या वावराची मूठ मूठ माती टाकत होती, ते पाहून तू तिला विचारलंस, असं का? कुसू, तू तेव्हा आठ वर्षांची होतीस आणि बांधावर जांभळं वेचत होतीस. तुझं परकर-पोलकं सगळं जांभळं झालं म्हणून बोलणी मी खाल्ली. विचारलं ते मी. रंभाबाई मला म्हणाली होती, "दुधाले विरजन लागते का नाही व माय? तसं वावराले लागते." तिच्या आईनं तिला लग्नात गाडगंभर माती दिली होती, तीच ती वाढवत आली होती. मी घरी येऊन अण्णांना सांगितलं, ते म्हणाले, अडाणी लोकांच्या समजुती. मग तुला सांगितलं, कारण ऐकायला दुसरं कोणी नव्हतं.

असो. वर्तमानपत्रवाल्यांनी गाळलं असेल. त्यांना जागेची अडचण असते.

इथे नव्या राज्यांचीच चर्चा. नागपूर तिकडे मुंबई राज्यात जाणार, आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहणार. मोठ्या बाई परवा वर्गात येऊन म्हणाल्या, "मंगला बहनजी, अब हिंदी की तैयारी कर लीजिए." म्हणजे सत्ताविसाव्या वर्षी पुन्हा परीक्षा. तू परीक्षा घेणाऱ्यांत गेलीस, मी अजून देणाऱ्यांतच आहे.

तब्येतीला जप. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी
मंगलाताई

ता. क. माती ओलसर आहे, पिशवी बांधताना हात लावून पाहिली. वाटेत तिचं काय होईल ते भाईदास जाणे.


बऱ्हाणपूर,
१२ सप्टेंबर १९५६

प्रिय कुसू,

कार्डावर जागा थोडी, म्हणून मुद्द्याचं लिहिते. तुझं पत्र मिळालं, वाईट वाटलं. रंभाबाईची माती मिसळलेल्या दहाही कुंड्या गेल्या, न मिसळलेल्या दहांसारख्याच. तू लिहितेस की पिशवी उघडली तेव्हा मातीला वास नव्हता. भाईदासनं ती डब्यात खिडकीशी ठेवली असणार, दिवसभर ऊन लागलं असणार. त्याला अक्कल पहिल्यापासून बेताचीच. तुझे साहेब म्हणाले, बायकांच्या समजुतीवर शास्त्र उभं राहत नाही. अण्णाही हेच म्हणाले होते, तेव्हा साहेबांवर रागावू नकोस.

मनाला लावून घेऊ नकोस. सगळ्यांना सगळं मिळत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

आमचा गणपती यंदा दीड दिवसाचा केला. मालू जड झाली आहे. तिचे मातीचे डोहाळे थांबले, आता नुसती झोपते.

तुझी
मंगलाताई


बऱ्हाणपूर,
गुरुवार, १८ ऑक्टोबर १९५६

प्रिय कुसू,

आई, रमेश, मालू खुशाल. मालूचे दिवस भरत आलेत. मी शाळेतून हे पत्र लिहिते आहे, पोरींना परवचा लिहायला दिलाय. घरी लिहिता आलं नसतं, आई मागून येऊन वाचते.

तुझं पत्र आलं आणि आमच्याकडे दिवाळी आधीच सुरू झाली. तू लिहितेस, जानेवारीच्या परिषदेतला निबंध मागे घेणार, एकतीस तारखेच्या आत तसं साहेबांना लिहून देणार, नागपूरच्या नोकरीच्या यादीतूनही नाव काढायला सांगणार आणि बऱ्हाणपूरला येणार. "ताई, तुझ्या शाळेत एखादी जागा असली तर बघ." आईनं पत्र ऐकलं आणि त्याच दुपारी माझी पेटी माडीवरून खाली आणायला लावली, कारण खिडकीची खोली कुसूला हवी. गुडघा दुखायचा थांबला. जिना दोनदा चढली. वर मला म्हणाली, "मंगल, पोरीचं मन मोडलंय गं. तुमच्या बाईंना सांगून तिला वरचा वर्ग द्यायला लाव. तिला चौथी कशी शिकववेल?"

मी सात वर्षं चौथी शिकवते आहे.

खरं सांगू का, तुझ्या कुंड्या गेल्या हे कळलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. चांगले आठ-दहा दिवस बरं वाटलं. भाजीत मीठ नीट पडत होतं, शाळेत पोरींवर ओरडत नव्हते. मला वाटायचं, एकदा ही खाली आली की दोघी सारख्या होऊ. पण तू खाली येतेस तीही माझ्याच खोलीत, माझ्याच शाळेत, आणि माझ्यापेक्षा वरच्या वर्गावर. तू हरलीस तरी घरातलं पंचपक्वान्नाचं ताट तुझ्याच पुढे. मग मला मिळालं काय? हे मी देवाला विचारत होते, खरोखर, देव्हाऱ्यासमोर बसून, आणि समोर तुझं कात्रण.

हे सगळं लिहायला बसले नव्हते. लिहायचं आहे ते पुढे आहे आणि माझा हात त्याला वळसे घालतोय. आता दसऱ्याचं सांगते.

दसऱ्याला सोनं द्यायला फोपनारला गेले होते. रंभाबाईनं मला पाट दिला आणि उतरंडीतल्या मडक्यातून तुझं पत्र काढलं. न फोडलेलं. तीन आठवडे ते तिच्याकडे होतं. म्हणाली, "गिरधरचा पोरगा वाचतो म्हने. म्या म्हनलं, नको, मास्तरीन येईन तवा वाचीन. चांगली खबर पराया तोंडानं कायले आयकू?"

मी वाचलं. तू लिहिलं होतंस, "रंभाबाई, तुमच्या मातीत मला काही सापडलं नाही. तुमचं म्हणणं मी तुमच्या नावानं सगळ्या कॉलेजात सांगितलं, निबंधातही तुमचं नाव घातलं, त्याची आता लाज वाटते. तुमचा काही दोष नाही, मीच घाई केली."

तिनं पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं. ती सोनं हातात धरून बसली होती, एकेक पान उलटंसुलटं करत होती. मग म्हणाली, "मंग मही माय येडी व्हती." आणि सोनं खाली ठेवत, "आन् तिची माय बी."

कोपऱ्यात एक नवं गाडगं होतं, तोंडाला फडकं बांधलेलं. दिवाळीनंतर तिच्या धाकट्या लेकीचं लग्न आहे. त्या गाडग्याकडे बोट करून म्हणाली, "लेकीसाठी भरलं व्हतं. आता बांधावर ओतून देते. कालेजात बी खोटी निंघाली तं सासरचे हसतीन पोरीले, मायनं माती बांधून देली म्हनून."

मी म्हटलं, दिवाळीपर्यंत ओतू नका. "कायले?" तिनं विचारलं. चहा न घेता निघाले.

तुझ्या त्या पत्रातली शेवटची ओळ मी तिला वाचून दाखवली नाही. दोन्ही वेळा गाळली. तू लिहिलं होतंस, "माती आणण्यात काही चूक झाली असेल असं साहेब म्हणाले, पण ती माझ्या ताईनं आणली होती, तेव्हा ते शक्य नाही."

कुसू, ती माती मी भाजली होती.

भाईदासचा काही दोष नाही. त्यानं पिशवी सगळ्या वाटेत मांडीवर धरून आणली, हे त्यानं मला परत आल्यावर सांगितलं होतं. कार्डावर त्याच्या अकलेबद्दल लिहिलं ते सांगितल्यानंतरचं आहे.

कात्रण आलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दुपारी मालूची पिवळी माती भाजून उतरवली. खापर तापलेलंच होतं आणि तुझी पिशवी चुलीजवळच टेकवलेली होती. आईनं नुकतंच ते कात्रण शेजारच्या तिसऱ्या बाईला वाचून दाखवलं होतं, मोठ्यानं, 'मी तिला विचारलं' या वाक्यावर थांबून. मी पिशवी सोडली आणि अर्धी माती खापरावर ओतली. मालू दारात उभी होती, म्हणाली, "ही काळी पण खायची का?" मी म्हटलं, ही कुसूची आहे.

मला कळत नव्हतं असं म्हणू नकोस. तुझ्याच पत्रात तिसऱ्या पानावर होतं की माती चांगली तापवली की तिच्यातली जिवंत बुरशी मरते. म्हणून तापवलेली मातीही लावून बघायला हवी, पण यंदा कुंड्या वीसच मिळाल्या, ते पुढल्या साली. सांगितलं तेवढंच नाही, मला सगळंच कळलं होतं.

पाऊण तास भाजली. खाली गोवऱ्यांचा जाळ, वरून लाकडी उलथन्यानं सारखी हलवत होते. आधी वाफ आली. मग वास आला, तुला माहीत आहे तो, सगळं स्वयंपाकघर भरून गेलं. आणि मग वास संपला. तो संपला तेव्हा मी खापर उतरवलं. माती गार होऊ दिली आणि तिच्यावर पाणी शिंपडून कालवली, म्हणजे तुला ओलसर लागावी. हे सांगणं सर्वांत जड जातंय. भाजली ती रागात, पाणी मात्र मी अगदी शांतपणे शिंपडलं.

राग कसला ते तुला ठाऊक असेल किंवा नसेल. आपण दोघी त्यावर कधी बोललो नाही. मी मॅट्रिक झाले सेहेचाळीस साली, पहिल्या वर्गात. अण्णा म्हणाले, मुलीला एकटीला नागपूरला ठेवायचं, लोक काय म्हणतील? तू झालीस एकोणपन्नासला, दुसऱ्या वर्गात. तेच अण्णा म्हणाले, आता देश आपला झाला, मुली शिकल्या पाहिजेत. स्वराज्य माझ्या मॅट्रिकनंतर आलं आणि तुझ्या मॅट्रिकच्या आधी. यात तुझी चूक काय? काहीच नाही, आणि तीच पंचाईत आहे. चूक असती तर एकदा भांडून मोकळी झाले असते. तुला गाडीत बसवून द्यायला मी स्टेशनावर आले होते, तुझी वळकटी मी बांधली होती. तू खिडकीतून हात हलवत होतीस आणि मी गाठ नीट बसली आहे ना, एवढंच बघत होते.

आता पुढचं. अर्धी माती भाजली म्हटलं, उरलेली अर्धी मी फेकली नाही. झाकून ठेवली. भाजल्यानं खरंच काही झालं का, हे मला पाहायचं होतं. आपण केलेला घाव नीट बसला का हे बघायची मला हौस, असं म्हण. गिरधरच्या वावरातली रोगट माती आणली. तू लिहिलं होतंस तसंच, दहाला एक. गच्चीवर बारा फुटके माठ मांडले, सहांत भाजलेली मिसळली, सहांत कच्ची. बी गिरधरच्याच घरचं. आईला सांगितलं, भेंडी लावली आहे. आई गच्चीवर चढत नाही, गुडघ्यामुळे.

सत्तावीस जूनला बी टोचलं. चौथीतल्या पोरींच्या शंभर पानी वह्या असतात, त्यातली एक घेतली आणि रोज शाळेत जाण्याआधी लिहीत गेले. कुसू, मला हे सांगायलाच हवं, त्या दोन महिन्यांत मी जितकी आनंदात होते तितकी मी किती वर्षांत नव्हते. कोणाशी बोलायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही, नुसतं बघायचं आणि लिहायचं. तू रोज हेच करतेस ना तिथे? मला त्या दिवसांत तुझा सर्वांत जास्त हेवा वाटला. नावाचा नाही, कात्रणाचा नाही, या रोजच्या बघण्याचा.

चौदा ऑगस्टला भाजलेल्यांतल्या पहिल्या रोपानं पान टाकलं. पोळ्यापर्यंत त्या सहांतली पाच सुकली आणि सहावं अर्धं. एकाचं खोड मी विळीवर उभं चिरलं, आत तपकिरी रेघ होती, तू काढून पाठवलेल्या चित्रासारखी. कच्च्या मातीतल्या सहांतली पाच उभी होती. एक मेलं. का मेलं ते मला कळलं नाही. ते मेलं असं लिहिलं, खोडलं नाही.

तुला ते कार्ड लिहिलं तेव्हा त्या पाच रोपांना कळ्यांच्या पात्या धरल्या होत्या. मी गच्चीवर त्यांच्या शेजारीच बसले होते.

आणि अजून आहे. गणपतीनंतर मी तुझ्या साहेबांना एक पत्र लिहिलं. इंग्रजीत, चार वेळा कच्चं करून. की आपल्या सहायक बाईंना जे जमलं नाही ते एका प्राथमिक शिक्षिकेनं घरच्या गच्चीवर केलं आहे, माती खरी आहे, नोंदवही पाहावी. खाली नाव, मॅट्रिक, पहिला वर्ग. पाकिटावर तिकीट लावलं आणि पेटीत ठेवलं. टपालात टाकलं नाही ते चांगुलपणानं नव्हे. साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला असता, बाईंच्या कुंड्या का गेल्या? आणि तुमच्याकडे भाजलेली माती कुठून आली? त्याचं इंग्रजी मला करता आलं नाही. आईनं पेटी खाली आणायला लावली तेव्हा ते पाकीट पुन्हा हाताला लागलं. फाडलं नाही. सोबत पाठवते आहे, वाच. तुझ्याबद्दल मी किती वाईट इंग्रजी लिहू शकते ते तुला कळेल.

आता कामाचं. तुझे साहेब म्हणाले होते ना, रोपं उभी राहिली तरी ती मातीतल्या चुन्यानं राहिली की जिवंत बुरशीनं, हे कसं सांगणार? भाजल्यानं चुना मरत नाही, कुसू. माती तीच, वावर तेच, चुना दोन्हींत तेवढाच. फरक एकच, एकीतलं जिवंत मी मारलं होतं. माझ्या वहीत ते दिवसावार आहे, आणि तुझ्या दहा कुंड्या त्याला साक्ष आहेत. तुला वाटलं त्या कुंड्यांत रंभाबाईची जिवंत माती होती. नव्हती. तेव्हा निबंध मागे घेऊ नकोस. एकतीस तारखेला अजून तेरा दिवस आहेत. तुझ्या तक्त्यात दोन रकाने होते, आता तीन होतील, न मिसळलेली, कच्ची आणि भाजलेली.

वही पाठवते. ताजी मातीही पाठवते, सोमवारी पुन्हा जाऊन आणली. रंभाबाईनं विचारलं नाही कशाला, नुसतं खुरपं हातात दिलं. भाईदास शनिवारी निघतोय. त्याच्याशी चार शब्द गोड बोल, माझ्या वतीनं. रविवारी मी फोपनारला जाईन आणि रंभाबाईला सांगेन की माती खोटी नव्हती, मास्तरीण खोटी होती. ती काय म्हणेल ते माहीत नाही. ती मला दारातूनच परत लावू शकते, आणि लावलं तर ते बरोबरच आहे. पण गाडगं ओतायच्या आधी सांगायला हवं. हे पत्र आज टाकते आहे ते मुद्दाम, म्हणजे रविवारी पाय मागे घेता येणार नाहीत.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. तू येणार नाहीस हे तिला तूच लिही. खोली मी परत घेईन.

आणि हे शेवटचं, हसू नकोस. मी हे चांगल्या मनानं करते आहे असं समजू नकोस. अजूनही कात्रणाशेजारून जाताना मी मान वळवते. तुझा निबंध वाचला जाईल, टाळ्या होतील, आणि मी इथे हिंदीच्या परीक्षेचा अभ्यास करत असेन, हे दिसतं आणि आतून जळतं. म्हणून एक मागते, बहीण म्हणून नाही, काम केलेल्या माणसानं मागावं तसं. रंभाबाईचं नाव सगळ्यांत वर राहू दे. तिसऱ्या रकान्याखाली माझं घाल. माती खापरावर, गोवऱ्यांच्या जाळावर, पाऊण तास, हलवत भाजली, असं लिही, आणि कोणी भाजली तेही लिही. भाजण्याचं कारण कोणी विचारलं तर खरं सांग. चोरून नाव लागण्यापेक्षा असं लागलेलं बरं.

पिशवी आली की आधी उघडून हुंग. या वेळी वास असेल.

इथे 'ताई' लिहायचं का, ते तुझ्यावर सोडते.

मंगला